दोन बोटांचं अंतर

लग्नाला बारा दिवस उरले होते आणि मिस लव्हिनिया थोरोल्डच्या झग्याचे पाठीवरचे हुक काही केल्या जुळेनात. कॉर्सेटच्या नाड्या आवळून आवळून पोरीचा चेहरा पांढराफटक पडला, तरी दोन बोटांचं अंतर राहिलंच.

झगा शिवणाऱ्या टॅबिथाने सहा आठवड्यांपूर्वी स्वतःच्या हाताने माप घेतलं होतं. नॉरिच शहरातल्या या शिवणाच्या दुकानात एकोणीस वर्षं मापं घेणाऱ्या बाईला कंबर का वाढली हे सांगावं लागत नाही. नवरामुलगा वर्षभर जहाजावर होता, परवाच परतला. आरशात लव्हिनियाचे डोळे तिच्या डोळ्यांना भिडले.

"हे काय?" मिसेस थोरोल्डनी विचारलं. आईची नजर मुलीच्या पोटाकडे वळत होती.

"माझी चूक, बाईसाहेब. कापताना कमी धरलं."

"एकोणीस वर्षांनी?"

टॅबिथा झग्याच्या टाचण्या काढू लागली. तेवढ्यावर निभावलं असतं. पण भ्यालेली पोर तेवढ्यावर थांबली नाही.

"आई, हिला दिसतच नाही नीट," लव्हिनिया म्हणाली. "त्या दिवशी टेप डोळ्यांना लावून वाचत होती. हातही थरथरत होते."

संपलं. हात चुकला तर लोक विसरतात, पण डोळे गेलेल्या बाईला मापाला कोण उभं करील? संध्याकाळपर्यंत ही बातमी गावातल्या प्रत्येक दुकानात जाणार होती.

मायलेकी गेल्यावर मालकीण मिसेस पॉकेटनी झगा उलटा केला, खडूची रेघ पाहिली आणि टेप लावला.

"रेघ बरोबर आहे तुझी."

"हो, बाई."

"मला कळत नाही असं वाटतं का तुला? पण मी काय सांगू त्यांना? उद्यापासून येऊ नकोस."

टॅबिथाने टाचण्यांची उशी मनगटावरून सोडली. दुसऱ्याचं नाव राखायला गेलं की आपलंच जातं, हे तिला आज नव्याने कळत नव्हतं. तरी रडू यायचं ते आलंच.

"आणि जायच्या आधी शिवणी उसवून झगा सैल करून दे," बाई खाली मान घालून म्हणाल्या. "तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही ते."

नाही म्हणायला हवं होतं. जीभही वळली होती. पण ती खिडकीपाशी बसली, शिवणीत आत दुमडलेली माया किती आहे ते चाचपलं आणि कात्री घेतली. अजून बारा दिवस जायचे होते. तिने दोन बोटांऐवजी तीन बोटं सोडली.