कौशल्याबाईची गुणगुण

तेरवीची शेवटची पंगत उठली, सुपारीचं ताट फिरलं, आणि मांडवात बसलेल्यांना टिकारामने बजावलं, की आता जे सांगतो ते तुमच्यातल्या कोणाच्या बापालाही पटायचं नाही. लोक सावरून बसले. भंडाऱ्याच्या त्या विणकर गल्लीत टिकारामच्या थापा त्याच्या कोशाच्या साड्यांइतक्याच नावाजलेल्या. शिवाय बायको जाऊन तेराच दिवस झालेला माणूस, बोलू द्यावं त्याला.

कौशल्या मागाशेजारी बसून कांड्या भरत गुणगुणायला लागली, की दारच्या शेवग्यावरचे भुंगे लाजून गप्प व्हायचे म्हणे. तिची गुणगुण धाग्याबरोबर कांडीवर गुंडाळली जायची, अन् कांडीतून साडीत उतरायची. सानगडीच्या एका सासूने तर सुनेची साडी परत आणून दिली, म्हणाली, हिचा पदर रात्रभर गुणगुणतो, घरात कोणाच्या डोळ्याला डोळा नाही.

मांडव हसला. रडून डोळे सुजलेली मुलगी, स्वाती, तीही हसली. टिकारामला तेच हवं होतं. हसणारा माणूस खोदून विचारत नाही.

खरं एवढंच होतं, की अकरा वर्षांपूर्वी काठाची नक्षी काढताना त्याची धाग्यांची मोजणी चुकली, आणि गिऱ्हाइकांसमोर तो बायकोवर खेकसला होता, की बंद कर तुझी भुणभुण. तिने केली. पुढे घरात फक्त मागावरच्या धोट्याची खटखट. दोनचार महिन्यांत त्यालाच चुकल्यासारखं व्हायला लागलं. पण 'गुणगुण आता' असं बायकोला सांगायचं कसं, ते त्याला या जन्मी जमलं नाही. ती याच घरात, शेवटपर्यंत गुणगुणत होती, एवढं मांडवाने मानलं असतं, तर हळूहळू त्यालाही मानता आलं असतं.

"शेवटच्या दिवशीबी," तो म्हणाला, "या खाटेवर पडल्या पडल्या गुनगुनत होती. मी माग थांबवून आयकत बसलो होतो."

कोणी हसलं नाही. स्वातीने पदर डोळ्यांना लावला. समोरच्या घरातल्या पार्वताबाईच्या हातातला अडकित्ता मात्र थांबला.

"भाऊजी, भुंग्याचं सांगा, साडीचं सांगा," ती म्हणाली. "हे खोटं नका सांगू. रोज दुपारी कांड्यांची टोपली घेऊन कौशल्या माह्या घरी येत होती. पयले दार लोटून घेत होती, अन् मंग गुनगुनत होती."