भेट तयार आहे, इथे दाबा

शुक्रवारी गावची गुरं राखायची पाळी रतनची होती. त्याने शकुबाईची कपिली गाय वेशीवरूनच परत लावली.

"लाळ गळतीय मावशी. खुरकूत असंल. सगळ्या कळपाला लागंल."

"आरं मुडद्या, फणसाची सालं खाल्लीत तिनं!"

"पाळी माजी, जबाबदारी माजी!" असं छाती काढून सांगून रतन गुरं घेऊन डोंगराला लागला.

शनिवारी शकुबाईच्या सुनेच्या, ज्योत्स्नाच्या, होमस्टेपुढे गाड्यांची रांग लागली. तिच्या मेलवरून जुन्या सगळ्या पाहुण्यांना आपोआप निरोप गेला होता: 'भेट तयार आहे, इथे दाबा.' व्हायरस होता तो. ज्यांनी दाबलं त्यांचे कॉम्प्युटर झोपले. ज्यांना कुठे दाबायचं ते कळलं नाही, ते पेट्रोल टाकून थेट भेट न्यायला आंदर मावळात हजर! काजवे बघायला येणाऱ्यांची बुकिंगं धडाधड रद्द होऊ लागली. ज्योत्स्नाचा अख्खा हंगाम बुडायची वेळ आली. दारातनं कुणी रिकामं जाऊ नये म्हणून शकुबाई एकेकाच्या हातात भोपळा ठेवत होती.

गावाला इंटरनेट रतनच पुरवायचा. ज्योत्स्नाने त्याला फोन लावला.

"रतनभाऊ, व्हायरस तुमच्या वायरीतून आला. मेल तपासून का नाही सोडत?"

"वहिनी, मी निस्ता रस्ता देतो. त्याच्यावरनं कोण येतंय ते मी बघायचं व्हय?"

"कुठपर्यंत जातो हो तुमचा रस्ता?"

"तुमच्या दारापासनं माज्या हापिसापर्यंत."

"बरं." ती अंगणात आली. "मंडळी, भेट तिकडं मिळते! देवळामागं, निळ्या छपराचं ऑफिस. रतनशेठ म्हणून विचारा."

थोड्याच वेळात रतनचा फोन. "वहिनी, एक बाई माजा पंखा घिऊन चाललीय!"

"मग तपासणार का मेल?"

"लोकांची खाजगी पत्रं मी कशी वाचू?"

शकुबाईने फोन हिसकावला. "काल कपिलीचं पोट फाडून बघितलंस का रं? तोंड बघूनच परत लावलीस न्हवं?"

पलीकडे नुसता गलका ऐकू आला.

तपासणीची सोय त्याच्या मशिनीत पहिल्यापासून होती. नेट हळू चालेल म्हणून त्याने तिला हातच लावला नव्हता. आता पंखा वाचवायला त्याने ती सगळ्यांदेखत चालू केली. मशिनीने टुंग करून पहिलाच मेल अडवला, आणि तो निघाला रतनच्याच ऑफिसातून ज्योत्स्नाला चाललेला! भेटीच्या आशेने गावात सगळ्यात आधी त्यानेच दाबलं होतं. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या.

मग रतनने एकेका पाहुण्याला फोन केले. "व्हायरस आमचा हाय, वहिनींचा न्हाई." बुकिंगं परत आली. वर प्रत्येकाचा एकच प्रश्न, "भोपळा मिळेल ना?" काजव्यांच्या हंगामात ज्योत्स्नाच्या ओसरीवरसुद्धा गाद्या पडल्या.

रतनची पुढची पाळी आली तेव्हा शकुबाई कपिलीला घेऊन वेशीवर आधीच उभी होती. रतनची हनुवटी धरून तिने त्याचं तोंड डावीउजवीकडे वळवून बघितलं.

"न्हाई गळत लाळ. जा, घिऊन जा गुरं."