शेऱ्याचा रकाना

ऑफिसात त्याला सगळे जोडारी म्हणत. दोन कंपन्यांच्या संगणकांची सोयरीक जुळवून देणं हे त्याचं काम. इकडच्या संगणकाने ऑर्डर पाठवायची, तिकडच्याने ती वाचून पोच द्यायची, माल निघाला की तसं कळवायचं, आणि मध्ये माणसाचं बोटही लागू द्यायचं नाही. प्रत्येक ऑर्डरला ठरलेले रकाने असत. इकडचा कोणता रकाना तिकडच्या कोणत्या रकान्यात उतरवायचा हे जोडारी ठरवी, आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे त्यालाही माहीत होतं. जरा जास्तच माहीत होतं.

या खेपेला एका बाजूला त्याची स्वतःची कंपनी होती, ऑफिसांना खुर्च्या-टेबलं विकणारी, भली मोठी. आणि दुसऱ्या बाजूला त्या खुर्च्या बनवणारा एक मध्यम कारखाना. कारखान्याच्या ऑर्डर विभागात निवृत्तीला आलेल्या एक बाई होत्या. चाचणीची ऑर्डर तिकडे पोचली रे पोचली की त्यांचा फोन आलाच समजा. "सर, खातरजमा करून घेते," असं मऊ आवाजात म्हणायच्या आणि एकेक रकाना वाचून दाखवायच्या. जोडारी फोन टेबलावर ठेवायचा, अधूनमधून "हो मॅडम" म्हणायचा आणि दुसरं काम उरकून घ्यायचा. फोन बंद झाला की शेजारचे विचारत, झाली का खातरजमा? त्यातूनच बाईंचं नाव पडलं, खातरजमाबाई.

आता चाचणीच्या ऑर्डरी म्हणजे सगळाच लुटुपुटीचा मामला. खुर्च्याही खोट्या, पत्तेही खोटे. शेऱ्याच्या रकान्यात मात्र मुद्दाम लांबलचक मजकूर घालायचा असतो, तिकडे जाताना तो मध्येच तुटतो का ते बघायला. एखादा सरळ माणूस 'चाचणी, चाचणी' लिहून मोकळा झाला असता. जोडाऱ्याला विनोदाची हौस. त्याने लिहिलं की हा माल खातरजमाबाईंना विचारल्याशिवाय हलवू नये. त्या खुर्चीचे चारही पाय मोजतील, मग पुन्हा मोजतील, तोवर गिऱ्हाईक उभंच राहील. चहाच्या वेळी ते वाचून ऑफिस पोट धरधरून हसलं. झालं, हरभऱ्याच्या झाडावर चढलेला माणूस खाली कशाला उतरतोय? दुसऱ्या दिवशी नवा शेरा, तिसऱ्या दिवशी त्याहून तिखट, आणि मग तर लोक फर्माइशी करायला लागले.

घरी त्याने बायकोलाही एकदोन शेरे ऐकवले. ती हसली, आणि मग तिने विचारलं, त्या बाईंना हे दिसत नाही ना? त्याने तिला समजावलं की तिकडच्या पडद्यावर शेरा उमटतच नाही, त्याने स्वतः पाहिलंय. मशीन गिळतं आणि गप्प बसतं. बायको पुढचा शेरा ऐकायला थांबली नाही.

सगळ्या चाचण्या पार पडल्या. खरा व्यवहार सुरू करण्याआधी एकदा समोरासमोर बसावं म्हणून जोडारी कारखान्यात गेला. मालकांनी दारापर्यंत येऊन स्वागत केलं, केबिनमध्ये बसवलं, आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं की काळजी करू नका, तुमच्याकडची नाराजी आमच्यापर्यंत पोचली आहे. सोमवारपासून बाईंना ऑर्डरीवरून काढून मागच्या शेडमध्ये भंगाराच्या मोजदादीला बसवतोय.

कसली नाराजी, हे त्याला कळेना. मालकांनी ड्रॉवरमधून कागदांचा गठ्ठा काढून पुढे सरकवला. वरच्याच कागदावर, माथ्यावर, ठळक अक्षरात, खुर्चीचे चार पाय आणि उभं राहिलेलं गिऱ्हाईक.

मालक समजावून सांगत होते. फार पूर्वी एका गिऱ्हाइकाचा शेरा कुणी वाचला नाही आणि भरलेला ट्रक तसाच परत आला. तेव्हापासून कारखान्याचा नियमच झाला. पडद्यावर काही दिसो न दिसो, ऑर्डर आली की तिचा कागद छापायचा, शेरा सगळ्यात वर घ्यायचा आणि कागद खाली पॅकिंगच्या टेबलाशी खिळ्याला लावायचा. चाचणीतही तसंच केलं, कारण चाचणीची ऑर्डर खरी समजून शेवटपर्यंत न्या, असं तुम्हीच कळवलं होतंत. कागद खाली घेऊन जायचं काम बाईंचं. आणि हा गठ्ठाही त्यांनीच आणून दिला, गिऱ्हाइकाचं म्हणणं दडवून ठेवू नये म्हणून.

जोडाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाई फोनवर सगळे रकाने वाचायच्या, शेरा तेवढा नाही, हे त्याला आत्ता आठवत होतं. तेव्हा त्याचं लक्षही गेलं नव्हतं. इथेच तोंड उघडलं असतं तर निदान निम्मी लाज वाचली असती. पण गडी चहा प्यायला. मनात म्हणाला, आपल्या साहेबांना कळलं तर? गप्प बसलो तर सोमवार आपोआप येईल, आणि बाईंचं तरी आता राहिलंय किती? असं मनात आल्याचीही त्याला लाज वाटली, तरी चहा संपेपर्यंत तो गप्पच राहिला.

मालक त्याला पॅकिंग दाखवायला खाली घेऊन गेले. टेबलाटेबलाशी खिळ्याला कागद लटकत होते. एका पॅकरने लांबून हाक दिली, "खातरजमाबाई, इथे सही राहिली." त्यात टवाळी नव्हती, तेच तर वाईट होतं. कागदांवरचं नाव अंगवळणी पडलं होतं. चष्मा लावलेल्या, आवाजावरून वाटायच्या त्याहून बऱ्याच बुटक्या बाई आल्या आणि सही करून त्याच्याकडे वळल्या. "या सर. बरं झालं आलात," असं म्हणून त्यांनी स्वतःच त्याच्यासाठी खुर्ची ओढली. त्या खुर्चीवर बसायचा त्याला धीर झाला नाही.

तिघं परत केबिनमध्ये आले. भंगाराची शेड कुणाच्या हाताखाली आहे हे मालक बाईंना सांगायला लागले, आणि बाई मान हलवत ते वहीत लिहून घ्यायला लागल्या. ते जोडाऱ्याला बघवेना.

"ते शेरे कंपनीचे नाहीत," तो म्हणाला. "मी लिहिलेत. गंमत म्हणून."

मालक खो खो हसत सुटले. त्यांच्या जिवावरचं ओझं उतरलं होतं. तक्रार नाहीच म्हणजे, मग बाई, तुमची जागा तुमचीच, उगाच मनाला लावून घेतलंत. प्रश्न असा चुटकीसरशी मिटल्यावर त्यांना रंग चढला. लिहिलंय मात्र झकास, ते म्हणाले, एखादा तुमच्याच तोंडून होऊन जाऊ द्या. जोडारी नको नको म्हणायला लागला.

"वाचा सर," बाई म्हणाल्या. "खाली सगळे माझ्या पाठीमागे वाचतात. एकदा समोर ऐकते."

त्याने हाताला लागला तो कागद उचलला. नशीब असं की तो सगळ्यात वाईट निघाला. बाई घरी बसतील त्या दिवशी कारखान्याला सुटी द्यावी, असं त्यात होतं. खुर्च्यांनाही विश्रांती मिळेल, कारण इतकी वर्षं त्यांना कुणी सुखाने गिऱ्हाइकाकडे जाऊ दिलेलं नाही. बाईंच्या जागी एखादं टेबल बसवलं तरी चालेल, ते निदान प्रश्न विचारणार नाही. ऑफिसात याच ओळीला टाळ्या पडल्या होत्या. इथे तो दोनदा अडखळला, तरी त्याने शेवटपर्यंत वाचलं. मालक अर्ध्यापर्यंत हसत होते, मग त्यांना टेबलावरचं पेन सरळ करून ठेवावंसं वाटलं.

बाईंनी त्याच्या हातातून कागद घेतला आणि गठ्ठ्यात परत लावला.

"हे लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं, सर?"

त्याने माफीचं काहीतरी जुळवून पाहिलं, पण तोंडातून खरं तेच आलं. "कुणीच नाही. मला वाटलं, तिकडे नुसतं मशीन आहे."

"आपण रोज बोलत होतो की," बाई म्हणाल्या.