नव्या लोखंडावरचे जुने छत

मित्रांनो, मी एक जुनी चिलखती युद्धनौका आहे. निदान नाव तरी जुनेच आहे; बाकीचे माझे मलाच नीट कळत नाही.

इटलीतल्या ला स्पेत्सिया बंदराच्या गोदीत माझ्या डोलकाठ्या उतरवायच्या होत्या, त्याच्या आदल्या दिवसाचे सांगते. शिडे शिवणारे बाचीचा नेहमीसारखे डेकवर येऊन बसले. बावीस वर्षे माझी शिडे त्यांच्याच हातची. आता शिडे नकोत, म्हणून त्याच कापडाचे ते माझ्यासाठी उन्हाचे छत शिवत होते. उरलेले काम रोज घरी नेत, सकाळी परत आणत.

"काका, वाऱ्याची नोकरी गेली," इंजिनावरचा ऑर्लांदो म्हणाला. "आता काय कोळसा शिवणार?"

"तुझी विजार फाटली की येशीलच माझ्याकडे."

ऑर्लांदो हसत खाली गेला. बाचीचांची नजर अधू झाली होती, बोटे मात्र अजून जाणती होती. घरून आणलेल्या शिवणीवर त्यांचे बोट थांबले.

"हा टाका माझा नाही," ते पुटपुटले. "पोरगी माझे उसवून पुन्हा घालते. मला वाटू देते, हात अजून तसाच आहे." जरा वेळाने म्हणाले, "घालते मात्र सुबक."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. झोपेतच गेले, असे गोदीत कळले.

पुढे दोन वर्षे मला कापत होते. डोलकाठ्या गेल्या, तोफा बदलल्या, बॉयलर आणि इंजिन नवे आले. शिडांच्या खोलीत विजेचे यंत्र बसले. वेग वाढला, कौतुक झाले. पण वारा सुटला की मी अजून नसलेल्या काठीच्या बाजूला झुकते. मग झुकते ती मी, की धावते ती?

जुने जरूर दुरुस्त करा, मित्रांनो. फक्त काढून टाकण्याआधी ते कोणाच्या हातचे, एवढे विचारा.

परवा कामगारांच्या घरच्यांना मला पाहायला बोलावले होते. बाचीचांची मुलगी तेक्ला आली. वडिलांची ती शिडांची खोली तिने दोनदा शोधली, पण सापडली नाही. शेवटी छताखाली येऊन तिने शिवणीला हात लावला. त्यांना ठाऊक होते, हे मला तिला सांगायचे होते. माझ्याजवळ नुसता भोंगा आहे.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "तुम्ही पहाटे प्रार्थनेला गेलात की मी तुमचे टाके उसवायचे. कळू नये म्हणून गाठसुद्धा तुमच्यासारखीच मारायचे."