लग्नात वाजलेले दुसरे कडवे

मी एक जुनी गाण्याची पेटी आहे आणि मित्रांनो, मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही.

भाता मारून वाजवतात ती पेटी नव्हे हं. मी कराओकेची पेटी. गाण्यातून गाणारा काढून घ्यायचा, वाद्ये तेवढी ठेवायची, शब्द पडद्यावर दाखवायचे आणि माइक ज्याच्या हाती त्याला म्हणायचे, आता तू. एवढेच माझे काम. त्यात धक्का बसण्यासारखे काय असणार, असे मलाही वाटत होते.

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. ऐन थंडीत बोटीतून समुद्र ओलांडून मी जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइदोच्या या लहानशा बंदरात आले, फुसाए-सान यांच्या खाणावळीत. त्यांनी मला कोमट फडक्याने पुसले आणि फळीवर अशी बसवली, जशी एखादी पाहुणी बसवावी. तेव्हा माझे केवढे कौतुक! लोक मला पाहायला म्हणून येत आणि जेवून जात.

माझ्या पोटात हजारो गाणी आहेत, पण सगळ्यांची लाडकी वसंतातली. आमच्या देशात शाळेचे वर्ष मार्चात संपते. निरोप समारंभ आटोपला की मुले यायची, बुटांवरचा बर्फ झटकायची आणि चेरीच्या पाकळ्यांची गाणी म्हणायची. आमच्याकडे चेरी फुलते मे महिन्यात! गाण्यात फूल, खिडकीत बर्फ. गाण्यात झुळूक, दारात फावडे.

"ही गाणी लिहिणारे सगळे तोक्योत बसतात," बर्फाच्या कारखान्यातले ओनो-सान म्हणायचे. "एकेकाला इकडं आणा नि फावडं द्या हातात. मग बघू कसली पाकळी नि कसलं काय!"

"तुम्ही आधी आपल्या दारातला बर्फ काढा, ओनो-सान. परवा टपालवाला आडवा झाला तिथं," फुसाए-सान सुनवायच्या.

अशा हसण्यात माझी वर्षे गेली. मग एका हिवाळ्यात, दुपारी, खाणावळ उघडण्याआधी शिगेमित्सु-सान आत आले. माकूळ, म्हणजे स्क्विड, धरणारे मच्छीमार. अंगाला समुद्राचा वास, आणि बोलणे तर इतके कमी, की लोक त्यांच्या मानेवरून होकार-नकार ओळखत. त्यांची बायको फार पूर्वी घर सोडून गेली होती. मुलगी नागिसा हिला त्यांनी एकट्याने वाढवले.

"फुसाए-सान, ते नदीकाठचं गाणं लावाल? नागिसाच्या लग्नात म्हणायचंय."

फुसाए-सान यांच्या हातातला मुळा खाली पडला. "तुम्ही? गाणार? अहो, मागं भूकंप झाला तेव्हासुद्धा तुम्ही तोंड उघडलं नव्हतं!"

"शाळेच्या निरोपाला तिनं म्हटलं होतं. मी समुद्रावर होतो. ऐकायचं राहिलं."

मग ते रोज यायचे. टोपी काढून माझ्यासमोर उभे राहायचे, जणू मी देवी. पहिले कडवे झाले की फुसाए-सान बटण दाबून मला थांबवायच्या. "बास. एक कडवं गोड. दुसरं म्हणाल तर पाहुणे उपाशी उठतील." मुळा शिजायला टाकायचा असे, दुकान उघडायचे असे. त्यामुळे दुसरे कडवे कधी वाजलेच नाही.

लग्न ठरले होते कोहेईशी. त्याची आई तात्सुको-सान मेजवानीचे ठरवायला आल्या तेव्हा काय बोलल्या, ते मी ऐकले.

"मुलगी चांगली आहे. पण ज्या घरातून एक बाई उठून गेली, त्या घराची खोड मुलीच्या पावलांत असते."

"पावलांत चप्पल असते हो, खोड कसली!" फुसाए-सान म्हणाल्या.

"असू दे. त्या दिवशी सगळ्यांना जपून बोलायला सांगा. एक जरी वाकडा शब्द निघाला, तर मी तिथून उठून जाईन. आणि मग ती सून माझ्या घरात कशी नांदते ते बघा."

दारातल्या पडद्यामागे शिगेमित्सु-सान माकुळांची पेटी घेऊन उभे होते. ते आत आलेच नाहीत. पेटी उंबऱ्यावर ठेवून निघून गेले.

मित्रांनो, तुमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात ना? आमच्या लग्नातही तसेच. तुटणे, सुटणे, गळणे, निरोप हे शब्द तिथे ओठांवर आणायचे नाहीत. केकसुद्धा कापायचा नाही, त्याला नुसती सुरी लावायची!

मे महिना आला. देवळाच्या चढावरची चेरी फुलली आणि लग्न लावून सगळी मंडळी आमच्याकडे आली. शकुनाचा लाल भात झाला, भाजलेला मासा झाला, आणि शिगेमित्सु-सान उभे राहिले.

"शिगेमित्सु गातोय!" ओनो-सान ओरडले. "बोटी किनाऱ्याला घ्या रे, वादळ येणार!"

त्यांनी सुरुवात केली.

*नदीकाठी आला वारा, दार उघड गं मुली,*
*नव्या बुटांना विचारू नको, वाट कुणी आखली…*

नागिसाने तोंडावर हात घेतला. आपला बाप गातो आहे, यावर तिचा विश्वास बसेना. लोक टाळ्यांनी ताल धरू लागले. तात्सुको-सान यांचीही बोटे मांडीवर हलत होती. कडवे संपले. फुसाए-सान यांनी आता बटण दाबायला हवे होते. पण त्यांच्या दोन्ही हातांत सुपाच्या वाट्यांचे ताट होते आणि डोळे भरून आले होते.

मी थांबले नाही. मला कुणी थांबवलेच नाही.

माझी रीत अशी, की गाणाऱ्याला सोय व्हावी म्हणून पुढची ओळ आधीच दाखवायची. सूर जिथे पोचेल तिथे पांढरी अक्षरे निळी होतात. माझ्या पडद्यावर अक्षरे उमटली:

*पाकळ्या गळाल्या, हात सुटले,*
*वाट तुटली, निरोप घे.*

एका कडव्यात चार अपशकुन! टाळ्या थांबल्या. कुणाची तरी जेवायची काडी ताटलीवर पडली, तिचा आवाज केवढा मोठा वाटला! वसंतातले गाणे, साऱ्या देशाच्या तोंडी असलेले, आणि त्यात हे शब्द आहेत हे आजवर कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. गोड चालीने झाकले होते.

शिगेमित्सु-सान यांनी ते वाचले. त्यांचा आवाज जागीच थांबला. चेहरा मिठासारखा पांढरा पडला. माझी वाद्ये मात्र वाजतच राहिली. मित्रांनो, गाणारा नसलेले गाणे इतके भयाण असते हे मला तोवर ठाऊक नव्हते.

तात्सुको-सान उठल्या.

"आई!" कोहेई अर्धा उभा राहिला. "आई, नको ना!"

त्या दाराकडे गेल्याच नाहीत. त्या माझ्याकडे आल्या. माझ्या बाजूचा दुसरा माइक त्यांनी काढून घेतला.

"सरका जरा, शिगेमित्सु-सान. ही ओळ तुमची नव्हे. माझा नवरा समुद्रावर गेला तो आलाच नाही. हे शब्द माझ्या घरी कधीचे राहतायत. माझ्या तोंडून निघाले तर नवीन काही व्हायचं नाही."

आणि त्या गायल्या. सूर केव्हाच पुढे निघून गेला होता, आवाज घोगरा होता, ताल कुठल्या कुठे. एकटीने, चारही वाईट शब्द, एकेक करून आपल्या तोंडात घेतले आणि पोरांच्या अंगावरून उतरवून टाकले. मग पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "पुढचं तुम्ही म्हणा. मी वाचलंय, पुढं चांगलं आहे."

*पुन्हा वसंत येईल तेव्हा*
*याच काठी भेट दे.*

शिगेमित्सु-सान यांनी म्हटले. कसेबसे, पण म्हटले. नागिसा हुंदके देत होती. "अगं, रडू नकोस," तात्सुको-सान तिच्या गालाला रुमाल टिपत म्हणाल्या, "सकाळपासून खपून रंगवलंय तुला, सगळं वाहून जाईल."

गाणे संपले की गुण सांगायचे, ही माझ्यातली खोड. मी सांगितले: शंभरात अडतीस.

"अडतीस!" तात्सुको-सान यांनी माझ्या टाळक्यावर थाप मारली. "या डब्याला कान आहेत का कान?"

सगळी खाणावळ हसली. मी मात्र आतून सुन्न झाले होते. माझे कान सूर मोजतात. त्या बाईने जे केले ते मोजायला माझ्यात काहीच घातलेले नाही.

आता लोक खिशातल्या फोनवर गाणी ऐकतात, कानात बोंडे घालून, एकेकटे. माझ्यावर धूळ बसते. मला पुसा, माझी तार उंदरांपासून जपा, हे तर मी मागेनच. पण मित्रांनो, त्याहून मोठे मागणे आहे. कुणी गाता गाता मध्येच थांबले, तर हसू नका, गुण मोजू नका. वाद्ये एकटी वाजत असतात तेवढ्यात उठा आणि म्हणा, सरका जरा, ही ओळ माझी.