अजून गरम आहे

गिरणीच्या मागच्या आवारात मी एकटाच कामाला असतो, कारण तिथल्या वासात दुसरं कोणी टिकत नाही. कॉफीची फळं मशीनमधून गेली की बी पुढे जाते आणि साल-गर मागे येतो. तो सगळा चोथा माझ्या वाट्याला. ढीग रचायचा, पाणी मारायचं, दर आठवड्याला फावड्याने खालीवर करायचा. तीन महिन्यांत त्याचं खत होतं.

गिरणीत मला चोथेकाका म्हणतात. आधी राग यायचा. आता खऱ्या नावाने कोणी हाक मारली तर मी वळूनही बघणार नाही, पण तशी हाक मारणारं राहिलंय कोण? बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा रविवारी फोन करतो, "तब्येत बरी ना, गोळ्या घेता ना," विचारतो आणि मी हो म्हणेपर्यंत त्याला दुसरा फोन येतो. कॅन्टीनमध्ये मी बसलो की बाकावरची माणसं सरकून मला ऐसपैस जागा करून देतात. फार मान आहे हो माझा.

या हंगामात मात्र रोपवाल्या बाई माझ्या आवारात यायला लागल्या. उतारावर नव्याने लावलेली कॉफीची सातशे रोपं त्यांच्याकडे होती. मळ्याचे साहेब पोत्यातलं खत मागवणार होते, पण बाई अडून बसल्या. "आपल्याच गिरणीचा चोथा कुजवून घालू, रोपं नाही तरारली तर मला विचारा," म्हणाल्या. साहेब म्हणाले, "विचारणार नाही. सरळ निवडणीच्या टेबलावर परत पाठवीन." त्या टेबलावर बाईंनी अकरा वर्षं मान मोडून बिया निवडल्या होत्या. रोपं ही त्यांची पहिली स्वतःची कामगिरी.

आता चोथा कच्चा असला की आतून तापलेला असतो. कोवळ्या रोपांच्या आळ्यात घातला तर मुळं करपतात. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी घाई केली आणि अख्खी पट्टी वाळून गेली. तेव्हापासून मळ्यात एक नियम झाला. चोथेकाका कोपरापर्यंत हात ढिगात घालणार आणि ‘थंड झाला’ म्हणणार. तोवर टोपलंभरसुद्धा हलवायचं नाही.

म्हणून बाई दर बुधवारी दुपारी यायच्या. मी बाही सरसावून हात आत घालायचो आणि म्हणायचो, "अजून गरम आहे." मग त्या उलट्या घातलेल्या घमेल्यावर बसायच्या, मी स्टोव्हवर चहा टाकायचो. नाकाला रुमाल लावला नाही त्यांनी कधी. सासूचा हट्ट, मुलीचं गणित, ट्रॅक्टरवाल्याच्या थापा, काय काय सांगायच्या. "काका, तुमचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. चोथा तेवढा जपता, चहापत्तीवर कसला राग?" असं म्हणून परत दुसरा कप मागायच्या. बुधवार संपला की मी पुढचा बुधवार मोजायला लागायचो. साठी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, ठाऊक आहे मला.

तिसरा महिना भरला त्या बुधवारी हात आत गेला आणि गारवा लागला. चोथा काळा, भुसभुशीत, ओल्या मातीच्या वासाचा. दोनच शब्द म्हणायचे होते. पण ते म्हटले की ट्रॅक्टर येणार, दोन दिवसांत ढीग उचलला जाणार, आणि मग बाई इकडे कशाला फिरकतील?

"अजून गरम आहे," मी म्हणालो.

एका आठवड्याने काय बिघडतं, अशी मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या आठवड्यालाही तीच घातली. असे पाच आठवडे गेले.

पाचव्या बुधवारनंतर दोनच दिवसांनी, शुक्रवारी सकाळीच बाई आल्या. बसल्या नाहीत. मुठीतली पानं त्यांनी माझ्यापुढे धरली. शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पिवळी.

"साहेब उद्या बघायला येतायत. खताविना सगळी रोपं अशीच झालीत. लोक म्हणाले घालून टाका चोथा, पण मी म्हटलं, काकांचा हात चुकत नाही. ते सांगेपर्यंत नाही घालायचा."

तरी खोटेपणा काही सुटला नाही. घाईघाईने हात ढिगात घातला आणि म्हणालो, "झाला की! थंड झाला. घेऊन जा."

बाईंनी स्वतःच हात आत घातला. एका जागी, दुसऱ्या जागी, पार तळाशी. मूठभर खत काढून चुरगाळलं. इतके दिवस माझ्याजवळ बसून त्या काही नुसता चहा पीत नव्हत्या.

"हा दोन दिवसांत नाही थंड झालेला. कधीपासून?"

"पाच आठवडे."

"का, काका?"

"तुम्ही यायचं बंद कराल म्हणून."

शरमेने मान वर होईना. बाईंनी आवाराबाहेर जाऊन ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली. आम्ही दोघं दिवसभर टोपली भरत होतो, मी विचारलं तेवढ्यालाच त्या उत्तर देत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी उतारावर गेलो. साहेबांसमोर सगळं सांगून टाकलं, कारणासकट. माणसं हसली. साहेब हसले नाहीत. "बाई, तुम्हाला महिनाभर देतो," एवढंच म्हणाले, आणि मला, "यापुढे तुमचा हात नको."

रोपं वाचली. हे मला ट्रॅक्टरवाल्याकडून कळलं, आणि तो थापाड्या असला तरी या वेळी खरं बोलत होता. निवडणीचं टेबल टळलं. आता ढिगात खुपसायची एक दांडी आली आहे, तिच्या टोकाला तापमान दाखवणारा काटा आहे. ट्रॅक्टरवाला ती खुपसतो, आकडा मोठ्याने वाचतो आणि जातो.

महिन्याने उरलेलं खत न्यायला बाई स्वतः आल्या. मी आधीच चहा टाकून ठेवला होता, खऱ्या पत्तीचा. टोपली भरून झाल्यावर त्या थेट ट्रॅक्टरवर चढल्या.

"बाई, घोटभर चहा?"

त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला थांबायची खूण केली. रागावलेल्या दिसत नव्हत्या, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"काका, नुसतं ‘या’ म्हणाला असतात ना, तरी मी आले असते. दर बुधवारी."

मग त्यांनी खूण केली आणि ट्रॅक्टर निघाला.