त्र्याहत्तर सालची ओळ

मित्रांनो, मी फळा आहे, पण तुमच्या वर्गातला नव्हे. माझ्यावर कुणी कधी गणित सोडवलं नाही. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर मी टांगलेला आहे आणि माझ्यावर वर्षाला एकच नाव चढायचं, त्या वर्षी मॅट्रिकला शाळेत जो पहिला येईल त्याचं. माझी साठी कधीच उलटली. खरं सांगू? आता फार दमलो आहे.

तुळशीराम सुतार खाडीवर मचवे बांधायचा. एका मचव्यातून उरलेल्या सागाच्या फळ्या जोडून त्याने मला घडवलं. तेव्हा ही शाळा भाताच्या गिरणीमागच्या गोदामात भरायची आणि पावसाळ्यात पोरं पाय वर घेऊन बसायची. शिकवणं सगळं मराठीतून, इंग्रजी आपला एक विषय; पण नाव इंग्लिश स्कूल, म्हणून पनवेलच्या बाजारात आमचा केवढा दबदबा! मिठागरांवरून, कोन, गव्हाण अशा गावांतून पोरं चालत येत. पुढे दगडी इमारत झाली आणि मला व्हरांड्यात ही जागा मिळाली. रंगारी पांढऱ्या रंगात नाव काढायला बसला की सगळी शाळा भोवती जमायची. माझाही ऊर भरून यायचा, खोटं कशाला बोलू?

१९७३ साली शाळेत पहिली आली ती मैना काशिराम भोईर. कोन गावची पोर, बाप मिठागरावर राबणारा. तोवर माझ्यावर एकाही मुलीचं नाव नव्हतं. पण निकाल लागायच्या आधीच, मे महिन्यात, गव्हाणच्या दयाराम घरतशी तिचं लग्न झालं. हेडमास्तर लग्नाला गेले होते. नवऱ्यामुलाने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं, सत्यवती. हेडमास्तरांनी ते कौतुकाने वाचलं आणि लक्षात ठेवलं. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा त्यांनी रंगाऱ्याच्या हाती चिठ्ठी दिली: ‘सौ. सत्यवती दयाराम घरत’. सासरी गेलेल्या मुलीला माहेरच्या नावाने लिहिणं बरं दिसत नाही, असं त्यांना वाटलं. माणूस भला होता. मुलीला एकदा विचारावं, हे मात्र त्यांच्या मनातही आलं नाही.

आठवड्याने काशिराम आला. धुतलेला सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. त्याला अक्षरओळख नव्हती. शिपाई रामू शाळेत नवाच लागला होता.

“माज्या पोरीचं नाव दाव रं,” काशिराम म्हणाला. “मैना.”

रामूने माझ्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, पहिलं नाव मनातच वाचलं आणि तिथेच थांबला. “मैना नाय. दुसरीच कोनतरी बाय हाय.”

हेडमास्तर त्याच आठवड्यात निवृत्त होऊन गावी गेले होते, विचारणार कुणाला? काशिरामने पुडा काखेत मारला. “आमी मिठागरवाले,” तो म्हणाला, “आमचं नाव कशाला लावतील?” पेढ्यांचा पुडा न सोडताच तो परत गेला. त्याची धाकटी, किशोरी, आमच्याच शाळेत पाचवीत होती. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

त्यालाही पन्नास वर्षं होऊन गेली. मिठागरं बुजली, नवीन पनवेलचे सेक्टर उभे राहिले, शेजारीच आमच्या संस्थेची इंग्रजी माध्यमाची चार मजली शाळा निघाली. पूर्वी नुसत्या नावातल्या इंग्लिशवर पोरं मिळायची, आता सगळं शिकवणंच इंग्रजीतून हवं. मराठी वर्गांतली बाकं ओस पडली. रंगारी यायचा बंद झाला. माझ्या खिळ्याला कुणी छत्री अडकवतं, कुणी रिकामी पिशवी. मीही आता मनाला लावून घेत नाही.

यंदा जुनी इमारत पाडायचं ठरलं. इथल्या शिक्षिका चारुता मॅडम शाळेचा इतिहास लिहायला बसल्या. नव्या इमारतीत ग्रॅनाइटची पाटी लागायची होती, म्हणून माझ्यावरचं एकेक नाव त्या जुन्या रजिस्टरशी ताडून बघत होत्या. १९७३ला अडल्या. निकालपत्रकं तर कधीच पुरात भिजून गेली होती. क्लार्क निकेशने रजिस्टरचं पान न् पान उलटलं.

“मॅडम, या नावाची मुलगी शाळेत नव्हतीच. पेंटरची मिस्टेक असणार. ते वर्ष ड्रॉप करा, उद्या पाटी कोरायला जातेय.”

मॅडमनी नाइलाजाने आपल्या यादीतल्या त्या ओळीवर पेन्सिलची रेघ मारली. माझ्यावर लागलेलं पहिलं मुलीचं नाव गेलं. मला सगळं ठाऊक होतं. पण लाकडाच्या हातात काय असतं?

त्याच दिवशी माजी विद्यार्थ्यांना जुनी शाळा शेवटची बघायला बोलावलं होतं. सत्तरीची एक आजी नातीचा हात धरून जिना चढून आली. मैना! मी ओळखली.

“बघ गो निशा,” ती नातीला म्हणाली. “मॅट्रिकला मी पयली आलेली. बाबा बोलला, नाव लावलं नाय. तू एकदा बघ.”

निशाने वरपासून खालपर्यंत वाचलं. “नाय गो आजी.” मग ती थबकली. “पन आजोबांचं नाव हाय की! सत्यवती दयाराम घरत. ही कोन? आजोबांची पयली बायको?”

निकेशला हसू आलं. आजी हसली नाही. ती तिथेच पायरीवर बसली.

“मीच ती,” ती म्हणाली. “लग्नात तांदळात लिवलेलं ते नाव. सासूच्या जिभेवर काय बसंना, ती मैनाच बोलायला लागली, मग सगळा गाव. रेशनकार्डावर पन मैनाच. सत्यवती म्हनून मना कुनी एकदा पन हाक मारली नाय.”

मॅडमनी पेन्सिलची रेघ खोडली. “आजी, नव्या पाटीवर काय कोरायचं?”

“मैना काशिराम भोईर,” आजी म्हणाली. “अभ्यास तिनं केला.”

मग तिने निशाला फोन लावायला सांगितला. “किशोरी, माजं नाव व्हतं गो फळ्यावर. पन्नास वरसं व्हतं. बाबाला कुनी नीट वाचून दावलं नाय.”

निशाने फोन स्पीकरवर ठेवला होता. किशोरी म्हणाली, “मग मना कशाला घरी बसवली?”

मित्रांनो, सोमवारी मला भिंतीवरून उतरवतील. मला कुठे ठेवायचं ते ठेवा, त्याबद्दल माझं काही मागणं नाही. किशोरीचा प्रश्न तेवढा मनात राहील. तुम्ही एवढंच करा. कुणाचं नाव लिहायचं असेल तर आधी त्याला विचारा. आणि ज्याला वाचता येत नाही, त्याला ओळ शेवटपर्यंत वाचून दाखवा.